कोणता त्रास सोसायचा आणि कोणता नाही

मे महिना सरत आला की दादर-पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत घराघरांत परदेश सहलींच्या गप्पा सुरू होतात. फोटो बघून झाले की तक्रारी निघतात आणि पहिली तक्रार ठरलेली असते, जेवणाची. चीजचा वास सहन होईना, ब्रेड खाऊन तोंडाची चव गेली, थायलंडात भाजीलाही मासळीचा वास, जपानमध्ये शाकाहारी म्हणून मागवलेल्या सूपमध्येही मासाच. मग बसचा ड्रायव्हर कसा ऐकेना, रविवारी दुकानं कशी बंद, पाण्याची बाटली केवढ्याला, स्वच्छतागृहालासुद्धा पैसे. हे सगळं तपशिलासकट, रंगवून सांगितलं जातं. त्याच माणसांना विचारावं की व्हिसाचं कसं झालं? उत्तर एका वाक्यात येतं : ‘ते एजंटनं बघितलं.’

मला वाटतं, इथेच आपलं गणित उलटं झालं आहे. प्रवासातला जो त्रास सोसण्याजोगा आहे, ज्यातून दुसरी माणसं कशी जगतात ते कळतं, तो टाळायला आपण भरपूर पैसे मोजतो. आणि जो त्रास सरळसरळ मानहानीचा आहे, ज्याबद्दल चारचौघांत मोठ्यानं बोलायला हवं, तो निमूट गिळतो.

आधी जेवणाचं बोलू. मुंबईतून निघणाऱ्या बहुतेक समूह सहलींच्या जाहिरातीत ‘रोज भारतीय जेवण’ हे वचन ठळक छापलेलं असतं. काही कंपन्या तर आचारीच बरोबर नेतात. मला याची एक बाजू मान्य आहे, आणि ती मनापासून मान्य आहे. ज्या बायका माहेर, सासर आणि एखादी तीर्थयात्रा यापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या, त्यांना या कंपन्यांनी आल्प्स दाखवला. बरोबर मराठी बोलणारा टूर लीडर आहे, वेळेवर ओळखीचं जेवण मिळणार आहे, या भरवशावरच कितीतरी घरांतून पहिल्यांदा ‘जा’ म्हटलं गेलं. मधुमेहाच्या गोळ्या सांभाळणाऱ्या सत्तरीच्या माणसाला अनोळखी जेवणाचे प्रयोग करायला कुणी सांगू नये.

पण या वचनाचं प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पॅरिसपासून रोमपर्यंतच्या ‘इंडियन’ हॉटेलांत गटांसाठी जे वाढलं जातं ते पनीर बटर मसाला, जिरा राइस, पिवळी डाळ, वर गुलाबजाम. त्यात वरण-भात नसतो, भाकरी नसते, अळूचं फदफदं किंवा सोलकढी तर नसतेच. ज्याला आपण तिथे ‘आपलं जेवण’ म्हणतो ते घरी आपण महिन्यातून एखाद्या वेळी, तेही हॉटेलात खातो. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटर उंचीवर, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे आणि तिथेही भारतीय जेवणाची सोय आहे. बर्फात एवढ्या उंचीवर जाऊन छोले-भात खाण्यात पाप काहीच नाही. मात्र अख्ख्या सहलीत त्या देशातल्या एकाही घरगुती पदार्थाशी गाठ पडली नाही, तर आपण तो देश बसच्या काचेतूनच पाहिला असं म्हणावं लागेल.

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. स्वित्झर्लंडच्या ल्युसर्नमध्ये एका संध्याकाळी तिची आणि गटाची चुकामूक झाली. हॉटेल सापडलं, पण गट जेवायला निघून गेला होता. भूक लागली म्हणून ती आणि तिची मैत्रीण कोपऱ्यावरच्या साध्या खाणावळीत शिरल्या. भाषेची अडचण, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या ताटलीकडे बोट दाखवलं. समोर आला रोश्टी. किसलेला बटाटा लोण्यावर तव्यात परतून, खालून खरपूस करून उलटलेला. आत्या पहिल्या घासाला म्हणाली, “अगं, हा तर कीस! नुसते जिरे आणि मिरची नाही.” शेजारच्या बाईनं खुणेनं विचारलं, आवडलं का. मग तिघींचं खुणांनी बराच वेळ बोलणं झालं. बर्नकडच्या शेतकऱ्यांची ती सकाळची न्याहारी, हे तिला तिथे कळलं. आजही त्या सहलीबद्दल बोलताना आत्या आधी ही संध्याकाळ सांगते, मग बर्फ. (रोश्टीवर कधी कधी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. नको असेल तर आधी सांगावं लागतं.)

शाकाहाऱ्याचे परदेशात हालच होतात, हा आपल्याकडचा घट्ट समज. तो निम्मा आळसावर उभा आहे. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसं बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपवासांच्या काळात मांस, अंडी, दूध काहीच घेत नाहीत. त्या दिवसांत अदिस अबाबातल्या कुठल्याही खाणावळीत ‘येत्सोम’, म्हणजे उपवासाचं, म्हटलं की आंबवलेल्या पिठाच्या, आंबोळीसारख्या जाळीदार इंजेरावर मसूर, वाटाणा, कोबी, पालेभाजी असं वाढून येतं. तैवानमध्ये शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या खाण्याच्या पाकिटावर शाकाहाराचा प्रकार छापावा लागतो, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असलेला प्रकार वेगळा असतो. आपल्याकडच्या चातुर्मास पाळणाऱ्या आजीची तिथे मुंबईतल्या बऱ्याच हॉटेलांपेक्षा चांगली सोय होईल. सिसिलीतल्या पालेर्मोत रस्त्यावर हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून विकतात. नाव ‘पाने ए पानेल्ले’. दादर स्थानकाबाहेर वाढलेल्या माणसाला ते खाताना परकं वाटायचं काही कारण नाही. जपानमध्ये अडचण खरी आहे. तिथला दाशी नावाचा पातळ रस्सा बहुतेक पदार्थांत असतो आणि तो उकडून, धुरावून, वाळवलेल्या कुप्याच्या जातीच्या माशाच्या किसापासून होतो. पण बौद्ध मठांतल्या शोजिन पद्धतीच्या जेवणात दाशी समुद्री शेवाळाचा आणि अळंब्यांचा असतो. टूर लीडरनं एवढी माहिती काढावी, सहलीत रोज एक जेवण तिथलं ठेवावं आणि त्यात काय आहे, काय नाही हे आधी नीट समजावून सांगावं. ही मागणी ग्राहकांनी केली तर कंपन्या ती पुरवतील. आजवर कुणी केलीच नाही.

आता मासळीच्या वासाचं. थाई किंवा व्हिएतनामी स्वयंपाकातला मासळीचा रस म्हणजे छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून गाळलेलं पाणी. त्याला नाक मुरडणारे सगळेच शाकाहारी असते तर गोष्ट वेगळी. पण त्यांत जवळ्याची चटणी आणि सुक्या बोंबलाचं कालवण चवीनं खाणारेही असतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात तेव्हा त्या वाऱ्याला जो वास असतो, तो कोळीवाड्याबाहेरच्या माणसाला कसा वाटत असेल? याच मुंबईत मासे खाणारं म्हणून मराठी कुटुंबाला सोसायटीत घर नाकारल्याच्या बातम्या वारंवार येतात आणि आपलं रक्त उसळतं. उसळायलाच हवं. दुसऱ्याच्या चुलीवरचा वास म्हणजे घाण, हा विचार घर नाकारणाऱ्याच्या डोक्यात असतो. बँकॉकच्या बाजारात नाकाला रुमाल लावून ‘ई!’ म्हणताना तोच विचार आपल्या डोक्यात असतो. मुलुंड-घाटकोपरला आपण ज्याच्याविरुद्ध भांडतो ते विमानात बसल्यावर विसरून चालणार नाही.

ही भीती आपल्याला नवी नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. उपस्थितांची नावं वृत्तपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एक कप चहासाठी! ही नावं बाहेर आणली गोपाळराव जोशी यांनी. त्यांच्या पत्नी आनंदीबाई १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, नेसणंही सोडलं नाही. तरी त्या न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबात घरच्या मुलीसारख्या राहिल्या. मी जे म्हणते आहे ते एवढंच आहे. पान बदलू नका, हवं तर. पण दुसऱ्याच्या पंगतीला बसा.

आणि ‘आपलं’ म्हणजे तरी काय? एकादशीचं ताट समोर घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं आणि गेल्या पाचेकशे वर्षांत समुद्रमार्गे आलेलं. ज्ञानेश्वरांच्या काळात साबुदाण्याची खिचडी शक्यच नव्हती. उपवासाच्या सोवळ्या ताटात आपण सातासमुद्रापलीकडचे पाहुणे इतके बेमालूम बसवले आहेत, तर आपल्या जिभेला नवं काही सोसत नाही हे कुणी सांगू नये.

रीतिभातींच्या तक्रारींचंही बरंचसं असंच आहे. युरोपातला बस ड्रायव्हर ‘अजून अर्धा तास’ का थांबत नाही? कारण युरोपीय संघाच्या कायद्यानं साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला साधारण ९ तासांहून जास्त चालवायला मनाई आहे. गाडीतल्या यंत्रात ते सगळं नोंदलं जातं. रात्रभर चाक हातात ठेवून दमलेल्या चालकांचे अपघात आपल्या महामार्गांवर होतात, ते आपण रोज वाचतो. त्या ड्रायव्हरचा हट्ट आपल्याच जिवासाठी असतो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, कारण रविवारची विश्रांती तिथल्या राज्यघटनेनं राखलेली आहे. दुकानात उभ्या असलेल्या मुलीलाही घर आहे, हे तिथल्या समाजानं कायद्यात लिहून ठेवलं. आपली गैरसोय ही कुणाची तरी सुट्टी असते. हे एकदा कळलं की चिडचिड पुष्कळ कमी होते, निदान माझी झाली.

आता दुसऱ्या त्रासाकडे येते. माझा खरा राग तिथे आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलात सकाळी व्हिसाच्या अर्ज केंद्रांकडे गेलात तर हातात प्लास्टिकचं फोल्डर घट्ट धरलेली माणसं दिसतात. काही रात्रीच्या गाडीनं कोल्हापूर-नाशिकहून आलेली असतात. फोल्डरमध्ये आयकर विवरणपत्रं, बँकेची अनेक महिन्यांची उलाढाल, पगारपत्रकं, मालकाचं रजेचं पत्र, जाण्या-येण्याचं विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचं आरक्षण, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो. आपल्या आयुष्याचा एवढा हिशेब आपण सख्ख्या भावालाही देत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं प्रौढांसाठीचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झालं. वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तर यातलं काहीच परत मिळत नाही. २०२४ साली भारतातून शेंगेन देशांसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखाहून अधिक नाकारले गेले. जुनं ८० युरोंचं शुल्क धरून ढोबळ हिशेब केला तरी एक कोटी युरोंच्या वर रक्कम होते. ज्यांना आत येऊच दिलं नाही अशा लोकांनी एका वर्षात ती भरली.

अमेरिकेचं पर्यटक व्हिसाचं शुल्क २०२३ साली १८५ डॉलर झालं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना मुलाखतीच्या तारखेसाठी अडीच वर्षांच्या आसपास थांबावं लागेल अशी स्थिती होती. आणि मुलाखतीला पोचल्यावर? तिथल्या कायद्याच्या २१४(ब) कलमाप्रमाणे समोर उभा असलेला माणूस कायमचा राहायलाच आला आहे, असं आधी धरून चालतात. तसं नाही हे दोन-चार मिनिटांत, काचेआडून, त्यानं सिद्ध करायचं.

आमच्या ओळखीतल्या ठाण्याच्या एक काकू मुलीच्या बाळंतपणाला जायला निघाल्या होत्या. देश युरोपातलाच, नाव महत्त्वाचं नाही. डिंकाचे लाडू करून डबे भरलेले, बाळासाठी दुपटी शिवलेली. अर्ज नाकारला गेला. छापील कागदावर एका चौकटीत खूण : व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे. काकू मला म्हणाल्या, “अगं, मी परत का येणार नाही? ह्यांचं औषधपाणी, सासूबाई, सगळं इथेच तर आहे.” पण मला त्याहून जास्त लागलं ते पुढचं. त्यांनी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं की तब्येतीमुळे जाणं रद्द केलं. नाकारलं गेलं हे सांगायची त्यांना लाज वाटली. जणू चूक त्यांची होती.

ही लाजच सगळ्या गप्प बसण्यामागे आहे. जेवणाची तक्रार सांगताना आपण ग्राहक असतो, व्हिसाची सांगताना संशयित. म्हणून दीड लाख नाकारलेल्या माणसांचा आवाज कुठेच ऐकू येत नाही. एजंटही सांगतो, ‘फार विचारू नका, पुढचा अर्ज बिघडेल.’ आणि हे सगळं निसर्गनियमासारखं आपण मान्य करून टाकतो. ते तसं मुळीच नाही. ज्या पासपोर्ट पद्धतीला आपण अनादि समजतो तिचे आंतरराष्ट्रीय नियम पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या पॅरिस परिषदेत घडू लागले. ब्रिटननं भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा घेऊन येण्याची सक्ती केली ती १९८६ साली. त्याआधी आपली माणसं लंडनच्या विमानतळावर उतरून तिथेच प्रवेशाचा शिक्का घेत. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं खेडं. तिथे १९८५ साली काही देशांनी आपसातल्या सीमा उघडायचा करार केला. त्यांच्या आतल्या भिंती पडल्या आणि आपल्यासाठी बाहेरची भिंत उंच झाली.

भिंती माणसांनी बांधल्या आहेत, त्यामुळे त्या हलतातही. संयुक्त अरब अमिरातीच्या नागरिकांना २०१५ च्या करारानं युरोपात व्हिसाविना जाता येऊ लागलं. भारतीयांसाठीही एप्रिल २०२४ मध्ये नियम बदलला. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरलेल्यांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पुन्हा पुन्हा जाता येईल असा व्हिसा देण्याची तरतूद झाली. वाटाघाटींच्या टेबलावर कुणीतरी विषय लावून धरला म्हणूनच असं होतं.

मुदत संपल्यावर राहून जाणारे लोक असतात, प्रत्येक देशाला आपलं दार सांभाळायचा हक्क आहे, हे मला नाकारायचं नाही. आपणही परदेशी माणसाकडून व्हिसा मागतोच, आणि घारापुरीच्या लेण्यांत आपल्याला ४० रुपये तर त्याला ६०० रुपये तिकीट लावतो. मला तेही बदलावंसं वाटतं. पाहुण्याकडून पंधरापट घेणारं दार आपलं असलं तरी ते चुकीचंच. पण दार सांभाळणं वेगळं आणि दार न उघडताच पैसे ठेवून घेणं वेगळं. कारण म्हणून एका चौकटीत खूण करणं हे उत्तर नव्हे.

म्हणून काही साध्या गोष्टी मागायला हव्यात. नाकारलेल्या अर्जाच्या शुल्कातला मोठा भाग परत मिळावा. कोणत्या कागदामुळे, कोणत्या आकड्यामुळे शंका आली ते लिहून मिळावं. रक्ताच्या नात्यातलं बाळंतपण, आजारपण, मृत्यू यांसाठी वेगळी, जलद खिडकी असावी. परराष्ट्र मंत्रालयानं व्यापाराच्या प्रत्येक बोलणीत हा विषय मालाच्या जकातीइतकाच जोरानं मांडावा. व्हिसा द्यायचा की नाही हा त्या देशाचा निर्णय असेल. पण मुंबईत बसून, मुंबईकराकडून सेवाशुल्क घेऊन चालणारी अर्ज केंद्रं इथल्या ग्राहकाला कशी वागवतात, महागड्या ‘खास’ सेवा कशा गळ्यात मारतात, तारखा कुणाच्या हातून विकल्या जातात, हे इथलेच प्रश्न आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून वजनमापांपासून बिल्डरांपर्यंत कितीतरी गोष्टींसाठी झगडली आहे. हा विषय तिनं हाती घ्यावा असं मला फार वाटतं.

सहल कंपन्यांनीही. त्यांचा धंदा याच दारांवर अवलंबून आहे आणि मुंबईत भरणाऱ्या पर्यटन मेळ्यांत त्याच देशांची पर्यटन खाती ‘आमच्याकडे या’ म्हणून बर्फाची पोस्टर्स लावून बसतात. त्यांच्याशी बोलायला याहून चांगली जागा नाही. पुढच्या मेळ्यात सवलतीच्या कूपनांच्या आधी हा प्रश्न विचारला जावा, आणि तो एकट्यादुकट्यानं नव्हे, कंपन्यांच्या संघटनेनं विचारावा.

ज्यांचा अर्ज नाकारला गेला आहे त्यांना एक सांगते. शेंगेनच्या नियमांत अपिलाचा हक्क दिलेला आहे. कुठे आणि किती दिवसांत करायचं ते नकाराच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद कपाटात तळाशी ठेवू नका. काकूंच्या मुलीनं तो मागवून घेतला आणि तिकडच्या कचेरीत अपील केलं. तोवर नात तीन महिन्यांची झाली होती. अपिलाबरोबर जोडलेल्या पत्रावर काकूंनी स्वतः मराठीत सही केली आणि या वेळी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना खरं काय झालं तेही सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून लगेच एक बाई वर आल्या. त्यांनाही गेल्या वर्षी नकार आला होता.